उजेडाची पोच

हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि हळदीसाठी स्वतंत्र संशोधन केंद्रही तेथेच आले, त्यामुळे हळदीतील कुरकुमिन या पिवळ्या द्रव्याविषयी जिल्ह्यात उत्सुकता असणे स्वाभाविक आहे. कुरकुमिन आणि निळा प्रकाश एकत्र वापरल्यास तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत मरतात, हेही खरे; परंतु त्यावरून हळद खाल्ल्याने कर्करोग बरा होतो असे म्हणणाऱ्याने या उपचारातला प्रकाशच वगळलेला असतो. शिवाय कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही आणि खाल्लेल्यापैकी अत्यल्पच रक्तात उतरते.

फोटोडायनॅमिक थेरपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत तीन गोष्टी एकाच जागी याव्या लागतात : प्रकाश शोषणारे औषध, त्या औषधाला मानवणाऱ्या तरंगलांबीचा प्रकाश आणि पेशीतला ऑक्सिजन. औषधाचा रेणू प्रकाशाची ऊर्जा घेऊन ती ऑक्सिजनला देतो, त्यातून सिंग्लेट ऑक्सिजन हे कमालीचे क्रियाशील रूप तयार होते, आणि ते इतके अल्पायुषी असते की जेथे जन्मते तेथलीच पटले व प्रथिने जाळून संपते. म्हणूनच प्रकाश न पडलेली पेशी सहसा वाचते. कुरकुमिन प्रकाशाला किती हळवे आहे हे घरोघरी ठाऊक आहे, कारण कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात फिका पडतो.

रंगद्रव्य आणि प्रकाश मिळून सूक्ष्मजीव मारतात, हे म्युनिकमध्ये प्राध्यापक टापायनर यांचा विद्यार्थी ऑस्कर राब याला १९०० च्या सुमारास आढळले. या शोधातून कर्करोगावरील औषध होण्यास बराच काळ गेला, आणि इतर उपचार थकलेल्या डोके व मानेच्या कर्करोगासाठी टेमोपॉर्फिन हे औषध युरोपात २००१ मध्ये मान्य झाले. त्याला लाल प्रकाश लागतो, जो ऊतीत काही मिलिमीटर शिरतो. कुरकुमिनला लागणारा निळा प्रकाश जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास अडतो. जबड्याच्या हाडात उतरलेल्या गाठीपुढे तो निरुपयोगी आहे. त्याची खरी जागा पृष्ठभागावरच्या विकृतीत, उदाहरणार्थ ल्युकोप्लाकिया म्हणजे कर्करोगापूर्वीच्या पांढऱ्या चट्ट्यात, असू शकते.

तेव्हा हिंगोलीसारख्या जिल्ह्यात दिवा कोठून आणायचा यापेक्षा चट्टा केव्हा दिसतो हा प्रश्न अगोदरचा आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी तंबाखू-सुपारीची सवय तिने मोडलेली नाही, आणि सुपारीमुळे तोंडाचे अस्तर ताठर होऊन तोंडच उघडेनासे झाले तर तपासणाऱ्याची नजर आणि उपचाराचा प्रकाश या दोहोंची वाट अरुंद होते. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील अभ्यासात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली आणि तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमधील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी घटले, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढा भक्कम पुरावा कुरकुमिनच्या बाजूने अद्याप नाही.

रोग वेळेत सापडला तरी एक अडचण उरते. टेमोपॉर्फिन शिरेतून दिले जाते, ते कातडीतही साठते, आणि त्यामुळे रुग्णाला निदान पहिले दोन आठवडे तीव्र उजेडापासून दूर राहावे लागते. कळमनुरी किंवा सेनगावच्या शेतमजुराला हे पथ्य सांगायचे असेल, तर औषधाच्या किमतीत त्याच्या बुडालेल्या मजुरीचाही हिशेब धरावा लागेल.