वखारीचा रखवालदार

ढकललेली गोष्ट मागे घेता येते का, हा प्रश्न धर्मग्रंथांपेक्षा एका जपानी खेळाने मला अधिक नीट समजावून दिला. खेळाचे नाव सोकोबान, म्हणजे वखारीचा रखवालदार. हिरोयुकी इमाबायाशी यांनी तो १९८१ साली रचला. १९८२ साली तो संगणकावर विक्रीस आला. नियम अगदी पोरखेळाचे. एका वेळी एक पेटी ढकलायची आणि नेमल्या जागी पोचवायची. ओढायला मात्र बंदी!

आम्हा वऱ्हाडकरांना याची गंमत वाटते. अकोला-अमरावतीकडे १७० किलोची रुईची गाठसुद्धा हमाल लोखंडी हूक अडकवून ओढतात. या बिचाऱ्या रखवालदारापाशी हूक नाही. पेटी कोपऱ्यात गेली की संपले. ती जड झालेली नसते. तिच्यामागे उभे राहायला जागाच उरत नाही.

पंधरा सोंगट्या सरकवण्याच्या जुन्या खेळात प्रत्येक खेळी उलटी फिरवता येते. इथे तसे नाही. शिवाय हा खेळ मुकाट असतो. डाव केव्हाच मेलेला असतो आणि आपण उरलेल्या पेट्या मोठ्या उत्साहाने लावत बसतो. (आता खेळी परत घेण्याची सोय असते. मुलांना ती असावी, माझी तक्रार नाही.)

नववीतल्या एका मुलीला वडिलांनी वेचणीसाठी घरी ठेवले. माणूस दुष्ट नाही. वेचणीची मजुरी त्याला झेपत नाही. म्हणाला, "एका हंगामाचीच गोष्ट हाय मास्तर, मंग पाठवतो पोरीले शाळेत." तो खोटे बोलत नव्हता. तरी मला ते वाक्य सचोटीचे वाटेना. कारण 'तात्पुरते' हा शब्द ढकलणाऱ्याच्या बाजूने खरा असतो. भिंत दिसते ती पेटीच्या बाजूने. हंगाम सरेपर्यंत वार्षिक परीक्षा तोंडाशी येते, लग्नसराई लागते, सोयरीक घेऊन माणसे दारात उभी राहतात. मग तिच्यामागे उभे राहायला जागा कुणाला? गरिबाने ढकलूच नये, असे म्हणायला मी धजत नाही. पण जागा आहे की नाही हे आधी पाहणे गरिबालाही चुकत नाही, आणि त्याला नुसता उपदेश करून मास्तरही सुटत नाही.

तिचे नाव हजेरीपटावर आहे. शनिवारी दुपारी मी त्यांच्या शेतावर जातो आणि धुऱ्यावर बसून तिची वही तपासतो. गणिते तिने अजून एकदाही चुकवलेली नाहीत.