टाकीचे घाव

आपल्या मंडळात गणपतीचं जेवण उरकलं, चहाचे कप हातात आले की एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे ‘आमचे सुरुवातीचे दिवस’. कुणी अकरा चौरस मीटरच्या खोलीत दोन हिवाळे काढलेले असतात, कुणी पहाटे चारला गोदामात खोकी उचलून आठच्या लेक्चरला धावलेला असतो, कुणी व्हिसा वाढवण्यासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाबाहेर बर्फात उभा राहिलेला असतो. आपल्यापैकी काही जण २००० सालच्या ग्रीन कार्डावर आले, तेव्हाच्या एका प्रांतिक निवडणुकीत गाजलेली ‘किंडर श्टाट इंडर’, म्हणजे भारतीयांऐवजी आपली मुलं, ही घोषणा त्यांना अजून पाठ आहे. मी २००४ मध्ये मास्टर्ससाठी आलो, त्यामुळे माझ्याकडेही चार किस्से आहेत आणि ते सांगताना माझाही आवाज जरा चढतो. गप्पा रंगतात, आणि शेवटी कुणीतरी समारोप केल्यासारखं म्हणतं, ‘अहो, टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही!’ सगळे माना डोलावतात आणि चपला शोधायला लागतात.

म्हण सुंदर आहे, पण मला तिच्याबद्दल थोडी शंका आहे. ही म्हण देवळात उभं राहून सांगितलेली आहे. समोर मूर्ती आहे, म्हणून घाव सार्थकी लागले असं आपण म्हणतो. पण त्याच खाणीतले किती दगड पहिल्याच घावाला दुभंगले आणि पायरीला किंवा भरावाला गेले, त्यांची मोजदाद कुणी केली? आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. प्रोजेक्ट का यशस्वी होतात हे फक्त यशस्वी प्रोजेक्ट पाहून ठरवू नये, कारण बंद पडलेल्या प्रोजेक्टमधली माणसंही रात्र-रात्र जागलेली असतात. मग कष्टाने माणूस घडतो हे आपण इतक्या खात्रीने कशाच्या आधारावर म्हणतो? कष्ट नक्की काय घडवतात?

या प्रश्नाला हात घालायचा तर एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. ते पुण्याचं आहे आणि बर्लिनचंही. इरावती कर्वे यांचं. ‘युगान्त’ आपल्यातल्या बहुतेकांनी वाचलेलं असतं, पण बाई जर्मनीत शिकल्या हे अनेकांना माहीत नसतं.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशातला. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते, आणि तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं गेलं. सातव्या वर्षी आईवडिलांपासून दूर, पुण्याच्या हुजूरपागेत. म्हणजे परक्या ठिकाणी एकटं राहण्याचा पहिला धडा बर्लिनच्या कितीतरी आधी झालेला होता. पुढे फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवी, मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे एम. ए., आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी विवाह. दिनकररावांनी स्वतः जर्मनीत रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली होती. बायकोनेही तिकडे जावं ही कल्पना त्यांची. ज्यांनी १९१६ मध्ये देशातलं पहिलं महिला विद्यापीठ काढलं, त्या महर्षींचा मात्र सुनेने शिकायला जर्मनीला जाण्यास विरोध होता! स्त्रीशिक्षण आणि घरातल्या स्त्रीचं शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे आपल्याकडे अजूनही अधूनमधून दिसतं.

नोव्हेंबर १९२८ मध्ये बाई बर्लिनला आल्या. वय तेवीसही पूर्ण नाही, नवरा पुण्यात, सासऱ्यांचा विरोध, आणि खर्चासाठी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून घेतलेलं कर्ज. (हेच मेहता पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.) भाषा जर्मन, हवा बर्लिनची. त्यांच्या मुक्कामातच, १९३० च्या सप्टेंबरमधल्या निवडणुकीत, नाझी पक्षाने राईशस्टागमध्ये १०७ जागा जिंकल्या. आपल्या गप्पांच्या मापाने मोजलं तर स्ट्रगल भरपूर होता. पण गोष्टीतला खरा पेच हा नाही.

त्या ज्या संस्थेत दाखल झाल्या ती डालेममधली कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था. इनेश्ट्रासे २२ या पत्त्यावरची तिची इमारत आज बर्लिनच्या फ्राय विद्यापीठाकडे आहे. संस्था १९२७ मध्ये स्थापन झाली आणि तिचे संचालक होते ऑयगेन फिशर. या गृहस्थांनी १९०८ मध्ये आजच्या नामिबियात, तेव्हाच्या जर्मन वसाहतीत, मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेऊन नाव कमावलं होतं. वंशावंशांत उच्चनीचता आहे आणि ती शरीरात मोजता येते, ही त्यांची धारणा. इरावतीबाईंना त्यांनी विषय दिला तो मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा. अपेक्षा अशी की युरोपीय कवट्यांमध्ये ही असममिती जास्त दिसावी, उजवी बाजू अधिक वाढलेली असावी, आणि गोऱ्यांच्या बुद्धीच्या श्रेष्ठत्वाला त्यातून आधार मिळावा. बाईंनी सुमारे दीडशे कवट्या मोजल्या. त्यांत युरोपीय होत्या, तशा पूर्व आफ्रिकेच्या जर्मन वसाहतीतून आणलेल्याही होत्या.

आता त्या मुलीच्या जागी आपण स्वतःला बसवून पाहू. कर्ज डोक्यावर आहे. पदवीशिवाय परत गेलं तर ‘मी सांगतच होतो’ असं म्हणायला घरातलीच माणसं तयार आहेत. पदवी ज्यांच्या सहीने मिळणार त्या प्राध्यापकांना काय हवं आहे ते स्पष्ट आहे. मोजमाप इतक्या बारीक फरकांचं की आकडे जरा इकडेतिकडे वाचले, चार कवट्या ‘खराब’ म्हणून बाजूला ठेवल्या, तर कुणाला कळणारही नाही. अगदी खोटंही बोलायला नको, निष्कर्षात एक मोघम वाक्य टाकलं तरी काम भागलं असतं. ज्याला गरज जास्त, त्याला होकार देण्याचा मोह जास्त. मला वाटतं, कष्टाच्या दिवसांची खरी परीक्षा थंडीत आणि भुकेत नसते. हे दिवस एकदाचे संपावेत म्हणून आपण काय-काय मान्य करायला तयार होतो, ही ती परीक्षा.

बाईंनी आकडे सांगत होते तेच लिहिलं. कवट्यांत असममिती आहे, पण ती सर्व माणसांत आढळते, वंशाशी तिचा संबंध लागत नाही. प्रबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र २०२४ मध्ये आलं. फिशर यांनी बाईंना उत्तीर्णांतली सर्वांत खालची श्रेणी दिली, ही हकिगत त्यानंतर सर्वत्र पोचली. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. पुढच्या संचालकाच्या काळात याच संस्थेकडे आउश्वित्सहून मेंगेले माणसांच्या शरीराचे अवयव पाठवत होता. तिथे १९३० च्या सुमारास एका परदेशी विद्यार्थिनीने ‘नाही, असं दिसत नाही’ म्हणणं ही लहान गोष्ट नव्हती.

हे धैर्य त्यांना कष्टांनी दिलं का? मला तसं म्हणवत नाही. तितकेच कष्ट काढलेली माणसं त्याच इमारतीत मान खाली घालून हवे ते निष्कर्ष लिहीत होती. कष्टाने माणूस जितका खंबीर होतो तितकाच तो लाचारही होतो, कडवटही होतो, आणि कधीकधी ‘मी सोसलं, आता तुम्ही सोसा’ म्हणणारा साहेबही होतो. (ही शेवटची जात आपल्या ओळखीची असेलच!) इरावतीबाईंना जे पेललं त्यामागे मला वेगळ्या गोष्टी दिसतात. जा म्हणणारा नवरा होता. पैसे देणारे मेहता होते. त्यांनी ‘आधी थोडं सोस, मग बघू’ असं म्हटल्याचं कुठे वाचनात नाही, कर्ज दिलं. आणि पुण्यामुंबईत झालेली अभ्यासाची बैठक होती, जी आकड्याला आकडा म्हणायला शिकवते. ज्याच्या पाठीशी कुणीतरी आहे त्यालाच ताठ उभं राहणं थोडं तरी परवडतं.

इथे गोष्ट संपवली असती तर ती व्याख्यानाला शोभली असती, पण पुरी झाली नसती. कारण बर्लिनहून बाई मोजमापाची ती पद्धतही बरोबर घेऊन आल्या. फिशर यांचा सिद्धान्त नाकारला, तरी माणसांची डोकी आणि नाकं मोजून समाजाचे गट समजून घेण्याचं काम त्यांनी भारतात पुढे अनेक वर्षं केलं. आजच्या अभ्यासकांनी त्यावर टीका केली आहे आणि ती मला रास्त वाटते. पण त्याच बाई डेक्कन कॉलेजात शिकवता-शिकवता महाराष्ट्रभर फिरल्या, पंढरीच्या वाटेवर चालल्या, १९५३ मध्ये भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला, आणि ‘युगान्त’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो १९६८ मध्ये. म्हणजे बर्लिननंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. महाभारतातल्या माणसांकडे इतक्या समजुतीने, तरीही कुणाचीही भीड न ठेवता पाहणारी ही नजर दोन हिवाळ्यांत घडलेली नाही. आपण मात्र ‘जर्मनीने मला घडवलं’ असं दोन वर्षांतच म्हणायला लागतो.

आणि आणखी एक गोष्ट, जी टाकीच्या म्हणीत मुळीच बसत नाही. त्या मोजलेल्या कवट्या. त्या काळी बर्लिनमध्ये जमवलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या अकराशेहून अधिक कवट्यांचा अलीकडे शोध घेतला गेला. २०२३ मध्ये त्यांतल्या काहींची जनुकीय जुळणी टांझानियातल्या आज हयात असलेल्या कुटुंबांशी झाली. इनेश्ट्रासेच्या आवाराजवळच २०१४ मध्ये बांधकामाच्या खोदाईत मानवी हाडं सापडली. पुढच्या उत्खननानंतर तुकडे मोजले तर सुमारे १६,००० भरले, स्त्रिया, पुरुष, मुलं अशा निदान ५४ माणसांचे. मार्च २०२३ मध्ये डालेमच्या स्मशानभूमीत त्यांचं दफन झालं. या लोकांनीही सोसलंच की. त्यांच्या सोसण्यातून त्यांना काय मिळालं, असं विचारायलाही जीभ रेटत नाही. सगळ्या दुःखाला काहीतरी अर्थ असतोच, हे म्हणणं म्हणजे दुःखाला उगाच मोठेपणा देणं आहे.

हे सगळं आता लिहावंसं वाटलं ते आपल्याकडे येणाऱ्या मुलांमुळे. २०२४-२५ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ५९,००० भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी ‘श्पेरकोन्टो’त वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात. बऱ्याच घरांत ही रक्कम कर्जाची असते, आणि कर्जाला तारण वडिलांचा फ्लॅट किंवा जमीन. खोली मिळत नाही, भाषा येत नाही, आणि अनेक विद्यापीठांत एखाद्या विषयात तिसऱ्यांदा नापास झालं की तो अभ्यासक्रमच बंद. अशी मुलं आपल्या कार्यक्रमांना येतात, वाढायला मदत करतात, खुर्च्या उचलतात आणि आपले किस्से ऐकतात.

दोन वर्षांपूर्वी अशांपैकी एकजण आमच्या स्वयंपाकघरात भांडी पुसता-पुसता माझ्या बायकोला म्हणाला, ‘काकू, माझा एका पेपरचा शेवटचा अटेम्प्ट राहिलाय.’ पाच महिने त्याने हे कुणालाच सांगितलं नव्हतं, घरी तर नाहीच. का, तर ‘इथे सगळ्यांनी एवढं सोसून केलं, मग माझ्यातच काहीतरी कमी असेल असं वाटलं.’ मंडळात कुणी त्याला वाईट वागवलं नव्हतं. उलट सगळ्यांनी प्रेमाने, उत्साहाने आपापली गोष्ट सांगितली होती. प्रत्येक गोष्ट शेवटी देवळात पोचणारी होती, एवढंच.

मग त्याच्यासाठी जे झालं ते साधं होतं. आपल्यातल्याच एकांनी त्याच्याबरोबर चार रविवार बसून पेपर बघितले. एकांनी विद्यापीठाच्या सल्लागाराची वेळ घेऊन दिली आणि दुभाष्या म्हणून बरोबर गेले. एकांनी खोलीची अनामत भरली आणि त्याचा पुन्हा विषय काढला नाही. चार रविवारांनंतर त्याने स्वतःच हिशेब मांडला. हा विषय त्याचा नव्हता, तो घरच्यांच्या आणि एजंटाच्या सांगण्यावरून निवडला होता. शेवटचा अटेम्प्ट न देता त्याने प्रवेश रद्द केला. वडिलांना फोन केला तेव्हा आमच्याच हॉलमध्ये बसला होता. आम्ही दार लावून घेतलं. फोन पाऊण तास चालला.

अपयश म्हणा हवं तर. मला मात्र तो त्या महिन्यांत आमच्या सगळ्यांपेक्षा मोठा झाल्यासारखा वाटला. कर्ज, लाज, वडिलांचा फ्लॅट, सगळं ‘अजून थोडं ताण’ म्हणत असताना त्याने समोर दिसलं ते मान्य केलं.

तो आता नाशिकला आहे, नोकरी करतो, हप्ते फेडतो. दिवाळीला मेसेज येतो. गेल्या वेळी शुभेच्छांखाली विचारलं होतं, मंडळाची लायब्ररी अजून तुमच्या तळघरातच आहे का, त्यातली दोन पुस्तकं माझ्या बॅगेत आली आहेत, पोस्टाने पाठवू की कुणी येणार आहे?