खांब उभा राहण्याआधी

जिथे घर बांधायचं आहे त्या जागेवर जाऊन बसा. सोबत नकाशा नको, टेप नको, फोन पिशवीतच राहू दे. जमीन कोकणातली असेल तर बूड टेकायला एखादा चिरा सापडेलच. जाता येत नसेल तर आहात तिथे बसा आणि ती जागा मनात आणा. दगडी गडगा, कडेचा काजू, पायवाट, जमिनीचा उतार. पाठ सैल सोडा. श्वास येतो तसा येऊ दे, जातो तसा जाऊ दे.

आज काही ठरवायचं नाही. तुम्हाला लाकडी सांगाड्याचं घर हवं आहे. भिंती नंतर आल्या तरी चालतील, कारण छप्पर खांब, तुळया आणि वासे यांनीच पेललेलं असेल. अशा घराची तयारी कागदावर सुरू होते असं मलाही वाटायचं. आता वाटतं, ती बसण्यापासून सुरू होते.

आधी पाऊस आठवा. रत्नागिरीच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ते सगळं पाणी जागच्या जागी साठून राहिलं, तर उभ्या माणसाच्या डोक्यावरून तीन हात जाईल. डोळे मिटा आणि ते पाणी ऐका. झड कुठल्या बाजूने येते? पागोळ्या कुठे पडतील? वरच्या शेतातला लोंढा जोत्याला धडकेल की बगलेने निघून जाईल? उत्तर येत नसेल तर ओढून आणू नका. एक पावसाळा त्या जागेवर छत्री घेऊन उभं राहायला मिळालं, तर ते भाग्य समजा. छपराचा उतार, वळचणीची लांबी, जोत्याची उंची, सगळं तो पाऊस सांगतो.

आता एका खांबाशी या. आमच्या गावच्या घरात ओटीच्या टोकाला एक खांब आहे. चारी बाजूंनी सहा इंच, उंची नऊ फूट, म्हणजे सव्वादोन घनफूट लाकूड. कंबरेच्या उंचीवर तो गुळगुळीत झाला आहे, कारण ओटी चढताना प्रत्येकाचा हात तिथेच पडतो. त्याच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर, दुसरी एक गुळगुळीत जागा आहे. ती रांगणाऱ्या, धरून उभं राहणाऱ्या मुलांची. वर कंदिलाचा खिळा, आणि त्याच्याभोवती काजळीचा डाग. पायाशी तळखडा आहे. खांब जमिनीत पुरलेला नाही, घडवलेल्या दगडावर ठेवलेला आहे. लाकडातल्या नळ्या उभ्या धावतात, त्यामुळे खांबाचं बूड ओल्या मातीत गेलं तर तो वातीसारखा पाणी वर ओढतो, आणि वाळवीलाही वाट मिळते. तो वीतभर दगड दोन्ही अडवतो.

मनातल्या मनात त्या खांबावर तळहात ठेवा. तुमच्या घरात असा हात पहिल्यांदा कुठे टेकेल? कोणाचा?

श्वास बाहेर सोडताना आता वजन खाली उतरताना बघा. एक मंगळुरी कौल दोन-अडीच किलोचं. शंभर चौरस मीटर छपराला अशी दीड हजार कौलं लागतात, म्हणजे तीन ते पावणेचार टन, आणि भिजली की त्याहून जास्त. कौलांचं ओझं रीपांवर येतं, रीपांचं वाशांवर, वाशांचं आढ्यावर आणि तुळयांवर, तुळयांचं खांबांवर, खांबांचं तळखड्यांवर, आणि तिथून ते जमीन घेते. सावकाश उतरा. एकही पायरी गाळू नका. एखाद्या ठिकाणी वजन कशावर उतरतं ते दिसत नसेल, तर तिथेच थांबा. घराच्या आराखड्यातही तीच जागा कच्ची असण्याची शक्यता आहे. लहानपणी माजघरात उताणं पडून वासे मोजले असतील, तर तेच पुन्हा करा. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात, पण जे घर अजून व्हायचं आहे त्याचे जरूर मोजावेत. एका श्वासाला एक वासा.

जुनी माणसं घर चौरस फुटांत सांगत नसत. ती खण सांगत. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. दोन खणांचं माजघर, पाच खणांची ओटी. तुळई जेवढ्या लांबीची मिळेल आणि वाकल्याशिवाय जेवढा पल्ला गाठेल, तेवढा खण. म्हणजे खोलीचं माप आधी झाडाने ठरवलेलं असायचं, मग माणसाने. मला यातली शिस्त फार आवडते. आज आपण आधी खोल्या आखतो, मग त्यात खांब कुठे लपवायचे याची चिंता करतो. तुम्ही उलट करून बघा. जमिनीवर चार दगड ठेवा, हा एक खण. त्याच्या मधोमध बसा. इथे सकाळचा चहा होईल का? आजारी माणसाचं अंथरूण मावेल का? गणपतीत पंगत बसली तर वाढणाऱ्याला वाट राहील का? हा खण पुरतो असं वाटलं, तरच शेजारचा मांडा. मोजकेच खण मनापासून हवेसे वाटतात, बाकीचे लोकांना दाखवायला असतात. ते ओळखू येईपर्यंत बसून राहावं.

आता थांबण्याबद्दल. सागवान, ऐन, किंजळ, फणस, लाकूड कोणतंही निवडा, ते तुमच्या घाईने वाळणार नाही. सुतारांचा ढोबळ हिशोब असा, की एक इंच जाडीला एक वर्ष सावलीत. सहा इंची खांब पूर्ण वाळायला किती काळ लागेल ते यावरून समजा. लाकूड आखडतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाही. टोकं आधी सुकतात आणि पोट ओलं राहतं, म्हणून टोकाला भेगा जातात, आणि म्हणूनच टोकांना शेण किंवा मेण लावून ठेवतात. मागे एकदा आम्ही चौकट घाईने बसवून घेतली. लाकूड वाळलेलं आहे असं वखारवाल्याने सांगितलं होतं, आणि आम्ही खात्री केली नाही. दिवाळीला बसवलेल्या चौकटीच्या सांध्यात वैशाखात बोट जाईल एवढी फट होती. त्या फटीतून येणारी उन्हाची रेघ मी अनेक दुपारी बघितली आहे. अजून वाईट वाटतं ते पैशांचं नाही, त्या झाडाचं.

कारण ते झाड पन्नास-साठ वर्षं उभं होतं. आपल्याच जमिनीतलं सागाचं झाड तोडायलाही परवानगी लागते, 1964 चा कायदा आहे तसा, आणि लाकूड हलवायला वाहतुकीचा पास लागतो. तोडण्याच्या परवानगीचा कागद हाती आला की त्याकडे निव्वळ सरकारी कटकट म्हणून बघू नका. झाडाखाली जाऊन बसा, बुंध्याला पाठ टेका, आणि विचारा, हे खरंच लागणार आहे का? पाडलेल्या वाड्यांचे जुने वासे आणि खांब बाजारात मिळतात. त्यांचं आखडणं केव्हाच होऊन गेलेलं असतं. त्यांच्यावर जुन्या सांध्यांच्या खाचा असतात, कुणा सुताराची पटाशी तिथून गेलेली असते. अशी खाच बुजवू नये असं माझं मत आहे.

सांध्यापाशी जरा जास्त रेंगाळा. खांबाच्या डोक्यावर कुसू काढलेलं असतं आणि तुळईत त्याच मापाचं भोक. दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी. खुंटीची भोकं मुद्दाम सूतभर मागेपुढे पाडतात. खुंटी ठोकत गेली की तुळई खांबावर ओढली जाते आणि सांधा घट्ट बसतो. तो सूतभर फरक सुतार डोळ्याने आणि अंगठ्याने ठरवतो. बांधकाम सुरू झाल्यावर एक दिवस त्याच्या शेजारी नुसते बसा. प्रश्न विचारू नका. गुण्या लावून मारलेली रेघ, पटाशीवरचा पहिला हलका ठोका, मग जोराचा, मग भोकातला भुसा फुंकणं. तुमचा श्वास आपोआप त्या ठोक्यांच्या लयीत येईल.

मन अधीर झालं तर कार्ल्याला जाऊन या. तिथल्या चैत्यगृहाच्या कमानदार छताला लाकडी फासळ्या आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या. वरचा कातळ पेलायला त्यांची गरज नव्हती. तरीही कोरणाऱ्यांनी त्या बसवल्या, कारण त्यांच्या डोळ्यांना छप्पर म्हणजे लाकूडच ओळखीचं होतं. जवळच भाज्याला तर दगडी खांब किंचित आत कललेले आहेत, लाकडी बांधकामात कलायचे तसे. कार्ल्याच्या फासळ्या टिकल्या, कारण त्यांच्यावर ऊन-पाऊस पोचला नाही. मान वर करून उभे राहा, मान दुखेपर्यंत.

मग परत आपल्या जागेवर या. संध्याकाळ होत आली असेल. चार दगड ठेवले आहेत तिथेच राहू द्या. मांगराच्या सावलीत ओंडके चिरून रचले असतील, थरांमध्ये वारा जावा म्हणून पट्ट्या घातलेल्या असतील. जवळ जा. वरच्या नगाच्या टोकावरून बोट फिरवा, नवी भेग आहे का बघा. वास घ्या, सागाला कातड्यासारखा वास येतो. खालच्या चिऱ्यांशी पाणी साचलं असेल तर काठीने चर काढून त्याला वाट करून द्या, आणि अंधार पडायच्या आत घरी जा.