सिस्टिमने ठरवलं, मग कर्ता कोण?

आपल्या ग्रुपमधली बरीच घरं कारखान्यांवर चालतात. कुणी मालक, कुणी एच.आर.मध्ये, कुणी सुपरवायझर, कुणी मशीनवर पाळी करणारं. खेरडी काय नि सिल्वासा काय, चेहरा दाखवून हजेरी, नोकरीचे अर्ज आधी कॉम्प्युटरने चाळणं, हे शब्द आता घराघरांत ऐकू येतात. त्यांच्याबरोबर एक वाक्यही रुळलंय: "आम्ही काही केलं नाही हो, सिस्टिमने केलं." आज त्या वाक्याबद्दल लिहिते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. करण म्हणजे साधन. (टीकाकार तिथे मुख्यतः इंद्रियं घेतात, पण हातातलं अवजारही त्याच रांगेतलं.) ए.आय. कितीही हुशार असो, त्याची जागा करणाची. कर्ता वेगळा मोजलाय. इथवर सोपं आहे.

अवघड पुढे आहे. त्याच अध्यायात म्हटलंय की जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, आणि ज्याच्यात 'मी केलं' हा भाव नाही त्याला कर्माचं बंधन नाही. आपणही सत्संगात कर्तेपण सोडायला शिकतो. मग एखादा कारखानदार म्हणाला, "मी कर्ता नाही, सॉफ्टवेअरने ठरवलं," तर त्याचं चुकलं कुठे? तो तर आपलीच भाषा बोलतोय!

मला वाटतं, ओळखायची खूण फळात आहे. कर्तेपण खरंच सोडणारा आधी फळावरचा हक्क सोडतो. इथे उलटं चालतं. खर्च वाचला की "आम्ही ए.आय. आणलं", आणि कुणाचा पगार कापला की "सिस्टिमने कापला". लाभाला कर्ता हजर, दोषाला गैरहजर. याला निरहंकार कसं म्हणायचं? ही पळवाट झाली.

समजा, रात्रपाळी करून निघालेली एक बाई आहे. अंगावर कापसाची तूस, डोळे ओढलेले, दिवा मंद. कॅमेरा तिला ओळखत नाही आणि दिवस खाडा लागतो. असं होणं अशक्य नाही. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघींनी, चेहरा पाहून बाई की पुरुष हे सांगणारी मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, आणि काळ्या-सावळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. हजेरीचं काम थोडं वेगळं आहे, आणि तेव्हापासून सॉफ्टवेअर सुधारलंही असेल. पण शेतात आणि कारखान्यात राबणाऱ्या आपल्याकडच्या बायकांचा रंग कोणता, हे मी सांगायला नको.

कायदा काय म्हणतो तेही पाहिलं. ए.आय.साठी वेगळा कायदा आपल्याकडे अजून नाही, पण माणसाच्या डिजिटल माहितीचा २०२३ चा कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी तिथून अठरा महिन्यांची मुदत आहे. माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. बातम्यांत हा आकडाच गाजला. मला मात्र आठव्या कलमातल्या दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटल्या. एक, ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय होणार ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत ठेवायची. दुसरी, काम बाहेरच्या कंपनीकडून करून घेतलं, करारात काहीही लिहून घेतलं, तरी या कायद्यापुरती जबाबदारी करून घेणाऱ्याचीच.

ही दुसरी गोष्ट वाचताना वाल्या कोळी आठवला. त्याने घरी जाऊन विचारलं, माझ्या पापात वाटेकरी व्हाल का? सगळ्यांनी हात वर केले. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला हाच प्रश्न विचारून पाहा. बहुतेक वेळा उत्तर कराराच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आधीच छापलेलं असतं.

"पण आम्हाला त्यातलं काय कळतं?" असं मालकमंडळी म्हणतात. वाण्याला तराजू घडवता येत नाही, पण सकाळी दुकान उघडल्यावर रिकामी पारडी समान आहेत का, हे तो बघतो. गिऱ्हाइकाने तक्रार केली तर पुन्हा तोलून दाखवतो. "काट्याने कमी तोललं, मी नाही" असं म्हणणाऱ्या वाण्याला गाव काय म्हणेल? युरोपने २ फेब्रुवारी २०२५ पासून ए.आय. वापरणाऱ्या कंपन्यांवर, आपल्या माणसांना त्याची पुरेशी समज देण्याची जबाबदारी टाकली आहे. आपल्याकडे अशी प्रशिक्षणं बऱ्याचदा चहा-समोसा आणि प्रमाणपत्रावर आटोपतात. मालकाला कोडिंग यायची गरज नाही. मशीनला कोणाचे चेहरे दाखवून शिकवलं, ते कोणाच्या बाबतीत चुकतं, आणि चुकलं तर कामगाराने कोणत्या माणसाकडे जायचं, एवढं मालकाला स्वतःला सांगता आलं पाहिजे. फाइलमध्ये लिहिलंय, हे उत्तर नाही.

आणि एक आपल्या भागापुरतं. माहिती घेण्यासाठी संमती मागायची तर सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. नोकरीच्या काही कामांसाठी संमतीतून सूट आहे. मराठी, गुजराती, हिंदी त्या यादीत आहेत. वारली नाही. म्हणजे आपल्या शेजारच्या पाड्यावरून कामाला येणाऱ्या बाईला तिच्या भाषेत एक अक्षर न सांगताही कागद पूर्ण होऊ शकतो. तिची भाषा बोलणारं कुणीतरी आपल्याकडच्या कारखान्यांत बहुधा सापडतंच. पाळी सुरू व्हायच्या आधी त्याला दहा मिनिटं द्यावीत, कॅमेऱ्यासमोर उभं करावं आणि सांगायला लावावं: हा तुझा चेहरा जपून ठेवतो, यासाठी वापरतो, खाडा चुकीचा लागला तर अमक्या साहेबांना भेट. ते साहेब कोण, हे मात्र आधी ठरवून ठेवावं लागेल.

— एक सेवेकरी, खेरडी