मुकीम

सौदी अरेबियात परदेशी माणसाच्या राहण्याच्या परवान्याला ‘इकामा’ म्हणतात. आपल्या उर्दूतला ‘मुकीम’ शब्द त्याच मुळातला. हनफी मसलकाप्रमाणे एखाद्या ठिकाणी पंधरा किंवा जास्त दिवस राहण्याचा इरादा केला की माणूस मुसाफिर उरत नाही, मुकीम होतो. मग नमाज कसर न करता पूर्ण पढायची. नोकरीसाठी तिकडे गेलेला आपला पोरगा मात्र वर्ष होत आले तरी मनाने मुसाफिरच राहतो. बॅग अर्धी भरलेली, पगार गावी. (पवना धरणात गावे गेलेल्या आमच्या भागाला असे अधांतरी जगणे वेगळे सांगायला नको.)

पहिल्या ईदला हे फार जाणवते. 2025 साली तिकडे ईदुल फित्र 30 मार्चला झाली, इकडे 31 ला. तो ईदगाहवरून खोलीवर परततो तेव्हा पवनानगरला आई अजून रोज्यात असते. घरचा शिरखुर्मा फोनवर बघायचा, तोही दुसऱ्या दिवशी.

पण खरा प्रश्न फित्र्याचा. तो द्यायचा कुठे? बरेच जण गावी पाठवतात. नातेवाईक गरजू असेल तर शरियतचीही हरकत नाही. मग शेजारच्या खाटेवरचा, पगार थकलेला कामगार? गरिबालाही ईद साजरी करता यावी, म्हणून तर फित्रा नमाजेआधी द्यायचा. माझ्या मते पहिला फित्रा तिथेच द्यावा. पंधरा दिवसांत नमाज तिथली झाली, तर शेजारीही तिथला झाला.

आई विचारेल, “इथली बेवा दिसली नाही का रे?” तिचेही खरेच आहे. त्या बेवेसाठी जकात आहे, सदका आहे, वर्षभर केव्हाही पाठवता येतो. खाटेवरच्या माणसाची ईद मात्र उद्या सकाळी आहे.