आपले अश्रू कोणासाठी?

बॅटमॅन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुलांचे कॉमिक येते. १९३९ साली अमेरिकेत जन्मलेल्या या नायकावर १९६६ ते १९६८ या काळात एक टीव्ही मालिका झाली. तिच्यात ठोसा बसला की पडद्यावर मोठाले रंगीत शब्द उमटत आणि लहानथोर सारे हसत.

त्याच कथाविश्वावरची ‘गॉथम’ ही मालिका २०१४ ते २०१९ या काळात आली. तिचे १०० भाग झाले. येथे ब्रूस वेन अजून बॅटमॅन झालेला नाही. पहिल्याच भागात त्या मुलाच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईवडिलांचा खून होतो. अमेरिकेत या मालिकेवर ‘टीव्ही-१४’ असा शिक्का होता. म्हणजे, चौदा वर्षांखालील मुलांच्या पालकांनी सावध राहावे. नाव मुलांच्या ओळखीचे, पण मालिका मोठ्यांसाठी!

मुलांना दूर ठेवले म्हणजे आपली जबाबदारी संपली काय? आपल्या स्वतःच्या मनावर अशा मालिकेचा काय परिणाम होतो, हेही तपासून पाहू या.

‘गॉथम’मधील सर्वांत लक्षात राहणारा खलनायक म्हणजे ऑस्वाल्ड कॉबलपॉट ऊर्फ पेंग्विन. लोक त्याची टिंगल करतात. त्याच्यावर जीव टाकणारी त्याची आई आहे. पुढे तिचा खून होतो आणि ती त्याच्या मिठीत प्राण सोडते. ते पाहताना आपलेही डोळे पाणावतात. यात गैर काही नाही. गुन्हेगारातही माणूस पाहावा, ही आपल्याला मिळालेली शिकवणच आहे.

परंतु पहिल्या भागाचा शेवट आठवा. पाण्यातून जिवंत बाहेर आलेला हाच पेंग्विन मासे धरत बसलेल्या एका माणसाला ठार करतो आणि त्याच्या हातातला सँडविच खातो. त्या माणसाला नाव नाही. त्याची आई कोण, घरी त्याची वाट कोण पाहत होते, हे मालिका सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

हिंसा पडद्यावर किती दाखवली, यापेक्षा ती कोणाच्या बाजूने दाखवली हा प्रश्न मोठा आहे. ज्याची कथा सांगितली जाते, त्याच्यासाठी आपण रडतो. ज्याची सांगितली जात नाही, तो केवळ एक मुडदा ठरतो. पुढे तर जिम गॉर्डन हा प्रामाणिक पोलीस अधिकारीच थिओ गॅलव्हन या दुष्टाला कायदा बाजूला ठेवून गोळी घालतो, आणि तो मेला याचे आपल्याला समाधान वाटते!

दयाळू शोमरोनीच्या दाखल्यात लुटारूंची कहाणी नाही. वाटेवर पडलेल्या जखमी माणसाचे नावही दिलेले नाही. शोमरोन्याने ते विचारले नाही. तो थांबला आणि त्याने जखमा बांधल्या. कहाणी ठाऊक नसतानाही जी जागते, तीच खरी करुणा.

वर्तमानपत्रातही गुन्हेगाराचे नाव आपल्या तोंडी बसते, बळी मात्र ‘एक इसम’ म्हणून राहतो. म्हणून घरातील मोठी मुले अशी मालिका पाहत असतील, तर टीव्ही बंद करण्याआधी त्यांच्या शेजारी बसावे आणि एवढेच विचारावे: “बाळा, त्या मासे धरणाऱ्या माणसाच्या घरी कोण असेल रे?”