यादीपलीकडचा पुरावा

कर्करोगाच्या संशोधनात हल्ली एक आकडा ठळकपणे मांडला जातो. अमुक कायनेजची इतकी शे लक्ष्य-प्रथिने सापडली, असे सांगितले जाते आणि आकडा जितका मोठा, तितका शोध मोठा असे वाचणाऱ्याला वाटते. मला हा समज धोक्याचा वाटतो. लक्ष्यांची यादी लांबली म्हणजे ज्ञान वाढले असे नाही. यादीतल्या एखाद्या नावावर ‘हेच रोगाला जबाबदार’ असा शिक्का मारण्याइतका पुरावा उभा राहतो तेव्हा ज्ञान वाढते. हे काम संथ आणि बिनगाजावाजाचे असते, आणि सध्या तेच मागे पडते आहे.

प्रथिन कायनेज हे एक विकर आहे. एटीपी या रेणूवरचा फॉस्फेट-गट उचलून दुसऱ्या प्रथिनावर बसवायचा, एवढेच त्याचे काम. पण तेवढ्याने त्या प्रथिनाचा आकार बदलू शकतो, पेशीतली जागा बदलू शकते, ते कोणाशी जोडले जाते हेही बदलू शकते. मानवी जनुकसंचात अशी ५१८ कायनेजे असल्याची मोजदाद २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी अनेकांचा बिघाड कर्करोगात आढळतो. बिघडलेले कायनेज फॉस्फेट कोणाकोणाला लावते, हा एक प्रश्न. त्यांपैकी कोणाला लावल्याने पेशी बेताल होते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले असे धरून चालण्याची चूक या क्षेत्रात वारंवार होते.

या चुकीचा इतिहास ‘सार्क’ या कायनेजइतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांनी दाखवले, की कोंबडीच्या गाठीचा पेशीविरहित अर्क टोचला तर निरोगी कोंबडीलाही सार्कोमा होतो. त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले ते १९६६ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी. अर्कातल्या विषाणूचे कर्करोगकारी जनुक मुळात निरोगी पेशीतलेच आहे, हे बिशप आणि वार्मस यांच्या गटाने १९७६ मध्ये सिद्ध केले. त्या जनुकाचे प्रथिन, म्हणजेच सार्क, कायनेज आहे हे १९७८ मध्ये कोलोरॅडोत मार्क कोलेट आणि रे एरिक्सन यांनी दाखवले. त्यांनी गाठ झालेल्या सशांच्या रक्तातली प्रतिपिंडे वापरून पेशीच्या अर्कातून सार्क बाहेर काढले आणि त्यात किरणोत्सारी एटीपी घातले. फॉस्फेट बसला तो त्या प्रतिपिंडांवरच. म्हणजे सार्कचे डोळ्यांना दिसलेले पहिले लक्ष्य प्रयोगशाळेनेच पुरवलेले होते. कायनेज ओळखायला त्याचा उपयोग झाला, पण कर्करोगाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

फॉस्फेट नेमका कोणत्या अमिनो आम्लावर बसतो, याबाबतही सुरुवातीला गफलत झाली. तो थ्रिओनिनवर बसतो असे वाटले होते. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत टोनी हंटर दुसऱ्या एका विषाणूच्या प्रथिनावर काम करत होते. त्यांनी वापरलेले द्रावण जुने होते आणि त्याची आम्लता वाढलेली होती. त्यामुळे एरवी एकात एक मिसळणारे दोन ठिपके वेगळे झाले आणि टायरोसिनवर बसणारा फॉस्फेट प्रथमच दिसला. सार्कही टायरोसिनवरच काम करते हे लगेच स्पष्ट झाले. सार्कने ताबा घेतलेल्या पेशीत असा फॉस्फेट सुमारे दहापट वाढतो. शोधायला ठळक खूण मिळाली आणि यादी भराभर वाढू लागली.

यादीत एनोलेज आणि लॅक्टेट डिहायड्रोजनेज ही ग्लुकोजच्या विघटनातली विकरे आली. कर्करोगी पेशी ग्लुकोज अधाशीपणे वापरतात हे ओटो वॉरबर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले होते, त्यामुळे गोष्ट सुरेख जुळत होती. पण पेशीतल्या या विकरांच्या अगदी थोड्या रेणूंवर फॉस्फेट होता. एवढ्याने पेशीचा कारभार बदलतो, असे म्हणायला आधार नव्हता. एनोलेजला आजही प्रयोगशाळेत मान आहे, तो सार्कची क्रियाशीलता मोजायला सोयीचे लक्ष्य म्हणून.

यादीला खरा धक्का बसला १९८६ मध्ये. सार्क पेशीपटलाला चिकटते ते टोकाशी जोडलेल्या मिरिस्टिक आम्लामुळे, आणि ही जोडणी दुसऱ्या क्रमांकाच्या ग्लायसिनवर होते. साल्क संस्थेतल्या कॅम्प्स, बस आणि सेफ्टन यांनी तिथे ॲलनिन असलेले सार्क तपासले. ते पटलाला चिकटेना, पण कायनेज म्हणून शाबूत होते. तोवर ओळखीच्या झालेल्या लक्ष्यांवर ते फॉस्फेट लावत होते, तरीही पेशी कर्करोगी झाल्या नाहीत. ती लक्ष्ये अनावश्यक होती असे यातून ठरत नाही. ती पुरेशी नव्हती, एवढे मात्र निर्विवाद ठरते. वर्षानुवर्षांच्या यादीला एका अमिनो आम्लाच्या बदलाने असा प्रश्न विचारला.

पुढे व्हर्जिनिया विद्यापीठात टॉम पार्सन्स यांच्या गटाने पेशी कर्करोगी करणारे आणि न करणारे सार्क यांची तुलना केली. त्यांच्या प्रतिपिंडांनी पकडलेली प्रथिने, उदाहरणार्थ एफएके आणि कॉर्टॅक्टिन, पेशी आधाराला धरून असते त्या जागांशी आणि तिच्या सांगाड्याशी संबंधित निघाली. पकड सुटलेली, भटकू पाहणारी पेशी समजून घ्यायला ही नावे एनोलेजपेक्षा कितीतरी उपयोगी होती, कारण निवडीला तुलनेची कसोटी लावली होती.

थेट लक्ष्य कोणते हे ओळखायची सर्वांत चतुर युक्ती १९९७ मध्ये प्रिन्स्टनच्या केव्हन शोकाट यांच्या गटाने काढली. सगळी कायनेजे एकच एटीपी वापरतात, म्हणून कोणता फॉस्फेट कोणी लावला हे सांगता येत नाही. त्यांनी सार्कची एटीपी धरण्याची खोबण थोडी मोठी केली आणि त्यातच बसेल असे आकाराने मोठे एटीपी बनवले. इतर कायनेजांना ते नीट वापरता येत नाही. त्यामुळे त्यातला फॉस्फेट जिथे सापडेल तिथे तो सार्कनेच लावला, असे म्हणता येते. ‘कोणी केले’ याला यातून उत्तर मिळते. ‘त्याने काय बिघडले’ हा प्रश्न तरी उरतोच. त्यासाठी लक्ष्यातला तो टायरोसिन बदलून त्या जागी फॉस्फेट बसूच शकणार नाही असे अमिनो आम्ल घालावे लागते आणि रोग थांबतो का, हे पाहावे लागते.

आज मास स्पेक्ट्रोमीटर एका प्रयोगात हजारो फॉस्फेट-स्थळे नोंदवतो. पण कायनेज रोखल्यावर एखाद्या स्थळाचा फॉस्फेट कमी झाला, तर ते थेट लक्ष्य होते की साखळीतली चौथी कडी, हे यंत्र सांगत नाही. कोणत्या कायनेजला कोणता अमिनो आम्लांचा क्रम आवडतो याचा नकाशा २०२३ मध्ये ३०३ सेरिन-थ्रिओनिन कायनेजांसाठी प्रसिद्ध झाला. तोही शक्यता सांगतो, घटना नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. औषध चालते आहे, तर लक्ष्यांची उठाठेव कशाला? इमॅटिनिब पाहा. २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या पेटंट-निकालामुळे आपल्याकडे हे नाव वृत्तपत्रवाचकालाही ठाऊक आहे. २००१ मध्ये ते मंजूर झाले तेव्हा बीसीआर-एबीएल या कायनेजच्या लक्ष्यांचा हिशेब पुरा झालेला नव्हता, तरी या एका औषधाने रक्ताच्या एका कर्करोगाचे भवितव्य पालटले. पण असे सरळ आजार थोडे. सार्क रोखणारी औषधेही आहेत. घन गाठींवर ती एकटी वापरली तेव्हा निराशा झाली. कोणत्या रुग्णाच्या गाठीत सार्कचे कोणते काम निर्णायक आहे हे माहीत नसताना औषध कोणाला द्यायचे, हेच ठरवता येत नाही.

उलट बाजूला बी-राफ हे कायनेज आहे. त्याचे ठामपणे सिद्ध झालेले लक्ष्य म्हणजे मेक ही कायनेजे. त्वचेच्या मेलानोमावर बी-राफ रोखणारे औषध २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, पण काही रुग्णांच्या त्वचेवर वेगळ्याच गाठी उठल्या. रास जनुक बिघडलेल्या पेशींत तेच औषध मेककडे जाणारा मार्ग चालू करत होते. पुढचे पाऊल कोणते, हे लक्ष्य पक्के ठाऊक असल्यामुळे कळले : बी-राफसोबत मेकही रोखायचे. जोड-उपचार २०१४ मध्ये मंजूर झाला आणि त्या गाठींचे प्रमाणही घटले. हजार संशयित नावांपेक्षा एका सिद्ध नावाने रुग्णाला दिलेला हा लाभ मोठा आहे.

म्हणून संशोधनाला पैसा देणाऱ्यांनी, नियतकालिकांच्या संपादकांनी आणि बातमी लिहिणाऱ्यांनीही ‘किती सापडली’ याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात. कायनेजने फॉस्फेट स्वतः लावला का? पुरेशा रेणूंवर लावला का? तो लावू दिला नाही, तर पेशीचे वागणे बदलते का? तिन्हींना होकार मिळेपर्यंत यादीतल्या नावाला संशयितच म्हणावे. १९८६च्या त्या प्रयोगाने यादीत एकाही नावाची भर घातली नाही, म्हणून आजच्या मोजपट्टीवर तो कदाचित किरकोळ ठरेल. तसे होत असेल, तर मोजपट्टीच बदलायला हवी.